ज्ञानाच्या ध्यासाने चाललेली वाट

विद्वत्ता अनेकांना लाभते. परंतु विद्येची किंमत पैशात वा पदांत न मोजण्याचे बळ फार थोड्यांच्या अंगी असते. आचार्य धर्मानंद कोसंबी हे त्या थोड्यांपैकी एक. महाराष्ट्रात पाली भाषेच्या आणि बौद्ध वाङ्मयाच्या अध्ययनाचा पाया त्यांनी घातला. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती आणि घरची श्रीमंतीही नव्हती. होता तो केवळ एका विषयाचा ध्यास आणि स्वतःशी खोटे न बोलण्याचा निश्चय.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, सांखवाळ या खेड्यात झाला. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी विवाह झाला आणि नारळाच्या बागायतीची देखभाल करीत आयुष्य जाणार, असेच सर्वांना वाटत होते. मात्र मिळेल ते मराठी पुस्तक वाचण्याचा त्यांना नाद होता. ‘बालबोध’ या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या एका वाचनाने त्यांच्या जीवनाची दिशा बदलली. बुद्धाचा धर्म मूळ ग्रंथांतून समजून घ्यायचा, या एकाच विचाराने त्यांना पछाडले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी होती. या ध्यासाची किंमत बाळाबाईंनाही मोजावी लागली, हे विसरून चालणार नाही. धर्मानंदांनीही ते कधी झाकून ठेवले नाही.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन मिळाले. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोहोचले आणि अन्नछत्रातल्या जेवणावर राहून संस्कृत शिकले. पुढे बौद्ध धर्माच्या शोधात हालअपेष्टा सोसत ते नेपाळात गेले. परंतु तेथील धर्माची अवस्था पाहून निराश होऊन परतले. अखेर १९०२ साली सिंहलद्वीपात, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणांशी त्यांना पालीची गंगा सापडली. श्रामणेर होऊन त्यांनी त्रिपिटकाचा अभ्यास सुरू केला. त्यानंतर ब्रह्मदेशातही त्यांनी अध्ययन आणि ध्यानसाधना केली. घर सोडल्यापासून अवघ्या सहा-सात वर्षांत हा खेड्यातला तरुण भारतातील पालीच्या मोजक्या जाणकारांत गणला जाऊ लागला.

चीवर उतरवून ते कलकत्त्याला पाली शिकवू लागले. तेथील विद्यापीठात त्यांना मान होता, पुढील बढतीची खात्री होती. याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्यापुढे एक योजना मांडली. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहावे, वर्षाला एक ग्रंथ लिहावा आणि त्यासाठी दरमहा पन्नास रुपये घ्यावेत. कलकत्त्यात राहिल्यास याहून कितीतरी अधिक वेतन मिळणार होते. तरीही धर्मानंदांनी पन्नास रुपये पत्करले. आपण शिकलो ते आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगण्यासाठी, हा मूळ हेतू त्यांनी नजरेआड होऊ दिला नाही. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी १९१२ ते १९१८ या काळात पाली शिकवली. पु. वि. बापट, ना. के. भागवत आणि चिं. वि. राजवाडे यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

त्यांच्या स्वाभिमानाची खरी कसोटी अमेरिकेत लागली. हार्वर्ड विद्यापीठातील हेन्री क्लार्क वॉरन यांनी बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते, पण त्यांच्या मृत्यूमुळे ते अपुरे राहिले. ते पूर्ण करण्यासाठी १९१० मध्ये धर्मानंदांना पाचारण करण्यात आले. काम पुढे सरकले. परंतु केलेल्या कामाचे श्रेय कोणाला आणि किती, यावरून प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. परदेशातील प्रतिष्ठेपायी न पटणारी गोष्ट मान्य करण्याऐवजी ते १९१२ मध्ये मायदेशी परतले. विशेष हे की रुसून त्यांनी कामाकडे पाठ फिरवली नाही. पुन्हा पुन्हा हार्वर्डला जाऊन १९३२ मध्ये त्यांनी ते संपादन तडीस नेले. ते हार्वर्डकडून छापून निघाले १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर. मधल्या काळात, १९४० मध्ये, त्यांनी त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मुंबईत भारतीय विद्या भवनातर्फे प्रसिद्ध केली होती. अपमान वेगळा आणि कार्य वेगळे, हा विवेक त्यांनी सोडला नाही.

हीच सचोटी त्यांच्या लेखनातही दिसते. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी चमत्कारांची पुटे बाजूला सारून मूळ पाली साधनांतून बुद्धाचे चरित्र उभे केले. प्राचीन काळच्या श्रमणांच्या मांसाहाराविषयी आधारांसह लिहिल्यामुळे जैन समाजात तीव्र नाराजी उसळली. पुरावा जे सांगतो ते त्यांनी मागे घेतले नाही. मात्र त्यांच्या मनात कोणाविषयीही आकस नव्हता. जैनांचे तीर्थंकर पार्श्वनाथ यांच्या चातुर्याम धर्मावर त्यांनी आदराने स्वतंत्र पुस्तक लिहिले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात तर स्वतःच्या उणिवा सांगतानाही त्यांनी हात आखडला नाही.

पांडित्य त्यांनी ग्रंथालयात कोंडून ठेवले नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी उडी घेतली आणि कारावास भोगला. परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहार उभारला. शरीर साथ देईनासे झाल्यावर अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी शांतपणे देह ठेवला.

धर्मानंदांच्या जीवनात ध्यास आणि सचोटी यांना वेगळे काढता येत नाही. ध्यासाने त्यांना अन्नछत्रापासून हार्वर्डपर्यंत नेले. सचोटीने त्यांना कोठेही मिंधे होऊ दिले नाही. ज्याला आपले काम कशासाठी हे ठाऊक असते, त्याला पन्नास रुपयेही पुरतात आणि जगातले मोठे विद्यापीठही बांधून ठेवू शकत नाही. माणसाचे खरे बळ ते हेच.