अटींवर उघडलेलं दार

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एक ताई संध्याकाळी घरी आल्या. मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झालेली, पण चेहरा उतरलेला. लेकीला पुण्याला जाऊन जीवरसायनशास्त्र शिकायचंय आणि वडील म्हणतायत, अकलूज सोडायचं नाही. मी स्वतः बी.ए. झाले ती आवडीनं नाही. सायन्सच्या प्रॅक्टिकलमुळे घरी यायला अंधार पडेल, म्हणून घरच्यांनी नको म्हटलं होतं. त्या मायलेकींना मी चहा दिला आणि कमलाबाई सोहोनींची गोष्ट सांगितली.

कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. जन्म इंदूरचा. वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला कमलाबाई पहिल्या आल्या आणि त्याच संस्थेत त्यांनी अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे एवढ्याच कारणानं त्यांनी अर्ज नाकारला.

दिवस गांधीजींचे होते. कमलाबाईंनी थेट बंगळूर गाठलं आणि कारण लेखी द्या, नाहीतर सत्याग्रहाला बसते, असं बजावलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, सांगतील तितका वेळ काम करायचं आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको! कमलाबाईंनी तो अपमान गिळला, पण विसरल्या मात्र नाहीत. म्हातारपणीही त्यांनी तो चारचौघांत सांगितला.

श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही उघडलं.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. आता थोडं शास्त्र, पण घाबरू नका. अन्न पचवण्यापासून त्यातली शक्ती अंगी लागेपर्यंतची शरीरातली कामं झटपट करून देणारी प्रथिनं म्हणजे विकरं, अर्थात एन्झाइम्स. पेशीच्या श्वसनात विकरांची जी साखळी असते, तिच्यात सायटोक्रोम सी नावाचं एक प्रथिन हमालासारखं काम करतं, इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोचवतं. प्राण्यांच्या पेशींत ते माहीत होतं. कमलाबाईंना ते आपल्या रोजच्या बटाट्यात सापडलं. पुढे वनस्पतींच्या सगळ्याच पेशींत ते असतं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे श्वासाची तऱ्हा माणसाची आणि बटाट्याची एकच! जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

आज माणसाच्या शरीरातलं विकर हवं असेल, तर त्याचं जनुक जिवाणूत घालतात. जिवाणू वाढतात आणि ते विकर बनवून देतात. शुद्ध करून ते छोट्या कुप्यांत प्रयोगशाळांना विकलं जातं. ते औषध नव्हे, अभ्यासाचं साहित्य. कमलाबाईंच्या वेळी ही सोय नव्हती. पेशींतून जे निघेल तेच चिकाटीनं वेगळं काढायचं आणि तपासायचं.

केंब्रिजहून त्या मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरला नोकरी केली. १९४७ मध्ये लग्न झालं आणि मुंबईत आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत शिकवताना त्यांनी कडधान्यांतल्या पचनाला अडथळा करणाऱ्या घटकांचा अभ्यास केला. शिजवल्यानं ते घटक बरेच कमी होतात, म्हणून कडधान्य नीट शिजवायचं. ताडामाडाच्या नीरेवरही त्यांचं मोठं काम आहे. (आमच्या अकलूजची नीरा ती नदी, ही प्यायची!) कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा फायदा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पण विज्ञान संस्थेचं संचालकपद मात्र त्यांच्यापर्यंत चार वर्षं उशिरा आलं.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली, त्यातही त्या होत्या. भेसळ आणि वजनमापातली फसवणूक यांवर बायकांना जागं करायचं हे काम. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

गोष्ट ऐकून ती मुलगी काही बोलली नाही. आठवड्यानं ताई पुन्हा आल्या. वडील तयार झाले होते, पण अटींवर. एकच वर्ष पाठवणार, रोज फोन करायचा, मार्क कमी पडले तर परत. मुलगी खूप रडली म्हणे. मी तिला म्हटलं, बाळा, जा. अट चुकीची आहे हे मनात पक्कं ठेव, पण दार उघडलंय तोवर आत जा.

ती गेली. तिचं वर्ष अजून पुरं व्हायचंय. पण मला राहून राहून वाटतं, मुलग्याला पुण्याला पाठवताना आपल्यापैकी किती घरांत अशा अटी घालतात?