मौलाना आझाद : एकाच मतदारयादीवरचा विश्वास

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद यांचे लागोपाठ तीन रमजान गेले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाली तेव्हा ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. किल्ल्यात असतानाच पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात अत्यवस्थ झाल्याची बातमी आली. काही विनंती असेल तर सरकारकडे पाठवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी इंग्रज सरकारकडे काहीही मागण्यास नकार दिला. एप्रिल १९४३ मध्ये बेगम गेल्या; अखेरची भेट झालीच नाही.

ही किंमत मोजणाऱ्या माणसाला आयुष्यभर एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला गेला : तुम्ही नेमके कोणाचे?

आझादांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे धर्मपंडित. कुटुंब कोलकात्यात स्थायिक झाले आणि मुलाचे शिक्षण घरीच, अरबी-फारसीतून झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १९१२ मध्ये, त्यांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढले. ते सरकारने बंद पाडले आणि पुढे आझादांना रांचीत स्थानबद्ध केले. स्थानबद्धता आणि तुरुंगवास सोसत त्यांनी कुरआनचे उर्दू भाषांतर व भाष्य लिहिले. ‘तर्जुमानुल कुरआन’चा पहिला खंड १९३१ मध्ये आला. प्रत्येक नमाजात म्हटल्या जाणाऱ्या सूरह फातिहात अल्लाहला ‘रब्बुल आलमीन’ म्हटले आहे. तो एका जमातीचा नव्हे, अवघ्या विश्वाचा पालनकर्ता आहे, यावर मौलानांच्या भाष्याचा मोठा भर आहे. त्यांचे राजकारणही याच पायावर उभे होते.

१९०९ मध्ये इंग्रजांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. मुस्लीम उमेदवाराला मुस्लीम मतदारांनीच निवडून द्यायचे. वरवर हे संरक्षण वाटले; पण उमेदवाराला हिंदू शेजाऱ्याच्या दारात मत मागायला जाण्याची गरजच उरली नाही. हिंदू उमेदवारालाही मुस्लीम वस्तीत पाऊल टाकण्याचे कारण राहिले नाही.

मार्च १९४० मध्ये रामगड अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आझादांनी आपली भूमिका मांडली. मुसलमान असण्याचा वारसा त्यांना सोडायचा नव्हता आणि भारतीय असण्याचा हक्कही. त्याच आठवड्यात मुस्लीम लीगने लाहोरला स्वतंत्र राष्ट्राच्या दिशेने ठराव केला. लीगने आझादांना काँग्रेसचे शोभेचे अध्यक्ष ठरवले, तर हिंदू महासभेला हिंदुराष्ट्र हवे होते. १९४५-४६ च्या निवडणुकीत केंद्रीय विधिमंडळाच्या सर्व ३० मुस्लीम जागा लीगने जिंकल्या. आझादांचा पक्ष त्या मतपेट्यांत हरला आणि दीड वर्षात देश तुटला.

ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत सामान बांधून निघण्याच्या तयारीत असलेल्या भेदरलेल्या लोकांना त्यांनी थांबण्याचे आवाहन केले. पण थांबलेल्यांना हक्क कोणत्या रीतीने मिळणार? मद्रासच्या लीग सदस्यांनी विभक्त मतदारसंघ चालू ठेवण्याचा आग्रह धरला. संविधान सभेने तो फेटाळला आणि १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही रद्द केल्या. आता सर्वांची यादी एक आणि प्रत्येकाच्या मताची किंमत सारखी होती. अल्पसंख्याकांनी संख्येचे कवच सोडले. बदल्यात बहुसंख्याकांच्या न्यायबुद्धीवर विश्वास टाकला.

त्या विश्वासाची पहिली कसोटी १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लागली. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. हिंदू महासभा, रामराज्य परिषद आणि नुकताच स्थापन झालेला जनसंघ मैदानात होते. ४८९ जागांपैकी या तिघांना मिळून १० जागा मिळाल्या. आझाद उत्तर प्रदेशातील रामपूरमधून उभे होते. समोर हिंदू महासभेचे बिशनचंद्र सेठ होते. आझाद जिंकले.

तरीही एक शंका उरत होती. रामपूर हे जुने नबाबी संस्थान, तिथे मुस्लीम वस्ती मोठी. मग विभक्त मतदारसंघ कायद्यातून गेला, तरी पक्षांच्या हिशेबात राहिलाच की काय? १९५७ मध्ये मौलाना हिंदूबहुल गुडगावमधून उभे राहिले आणि निवडून आले. फाळणीत होरपळलेल्या पंजाबच्या या भागात हिंदू मतदारांनी मौलवीच्या वेशातील माणसाला आपला खासदार म्हणून निवडले. संयुक्त मतदारसंघाचा याहून सरळ अर्थ दुसरा नाही.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी आझादांचे निधन झाले. देशाचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून ते अखेरपर्यंत पदावर होते. दिल्लीत जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या मध्ये त्यांची कबर आहे.

त्यांच्या मार्गात धोका होता, हे नाकारता येत नाही. लोकसभेत मुस्लीम खासदारांचे प्रमाण पहिल्या निवडणुकीपासून लोकसंख्येतील वाट्यापेक्षा कमीच राहिले. एका यादीत थोडे लोक कायम थोडेच असतात. धर्माच्या नावावर मतांची गोळाबेरीज झाली, तर त्यांचे मत मोजले जाते, पण त्याला वजन राहत नाही. म्हणून ही कसोटी एकट्या अल्पसंख्याकांची नव्हे. मुस्लीम मतदाराने केवळ आपला माणूस शोधू नये आणि हिंदू मतदाराने उमेदवाराचे नाव वाचून पान उलटू नये, हे दोन्ही घडले तरच तो करार टिकतो. मौलानांनी आपल्या बाजूची अट पाळली. दुसऱ्या बाजूची अट १९५७ मध्ये गुडगावच्या मतदारांनी पाळली. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत ती पाळायची की नाही, हे मतदारानेच ठरवायचे आहे.