सोन्याच्या थकबाकीचा बळी

कराचा इतिहास हा विषय विद्यार्थ्यांना नेहमीच रुक्ष वाटतो. परंतु करवसुलीच्या एखाद्या नियमातून राजद्रोहाचा खटला उभा राहतो आणि त्या खटल्यातील एका फासातून पुढे राष्ट्राचे दैवत घडते, हे दाखविणारे उदाहरण ब्राझीलच्या वसाहतकालीन इतिहासात आहे. जोआकिम जोझे द सिल्व्हा शाव्हिएर हे त्या माणसाचे नाव. जग त्याला तिरादेंतेस म्हणजे ‘दात काढणारा’ या टोपणनावाने ओळखते.

१६९० च्या दशकात ब्राझीलच्या अंतर्भागात सोने सापडले आणि पोर्तुगालच्या राजाचे भाग्य उजळले. खाणींच्या या मुलुखाला मिनास जेराइस असे नाव पडले आणि विला रिका, म्हणजे ‘श्रीमंत नगरी’, ही त्याची राजधानी झाली. सोन्याचा पंचमांश राजाचा, हा मूळ नियम. जितके निघेल त्याचा पाचवा वाटा, एवढाच त्याचा अर्थ होता. मात्र १७५० च्या कायद्याने त्यास निराळेच वळण दिले. मिनासने दरसाल किमान १०० अरोबा, म्हणजे जवळजवळ १,५०० किलो, सोने भरलेच पाहिजे, असे ठरले. आणि भरणा कमी पडल्यास ती तूट खाणमालक असो वा नसो, साऱ्या रहिवाशांवर वाटून वसूल करावी, अशी तरतूद झाली. या सरसकट वसुलीला ‘देरामा’ म्हणत. करशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर उत्पन्नावरील हिस्सा जाऊन त्या जागी ठरावीक रकमेची मागणी आली. खाणी भरात होत्या तोवर हा बदल कोणाला जाणवला नाही. १७६० च्या दशकापासून नदीपात्रांतील सोने आटू लागले, परंतु लिस्बनच्या वहीतील आकडा मात्र आटला नाही.

तिरादेंतेसचे आयुष्य नेमके या उताराच्या काळात गेले. त्याचा जन्म १७४६ मध्ये साओ जोआओ देल-रेई या गावाजवळ झाला. नवव्या वर्षी आई गेली, अकराव्या वर्षी वडील गेले. शल्यकर्म करणाऱ्या धर्मपित्याच्या छायेत तो वाढला व त्याच्याजवळच दातांचे काम शिकला. खेचरांवरून मालाची ने-आण, खाणकाम असे इतरही उद्योग त्याने करून पाहिले. लक्ष्मी कोठेच प्रसन्न झाली नाही. १७७५ मध्ये तो मिनासच्या घोडदळात कनिष्ठ अधिकारी झाला. विला रिकाहून रिओ द जानेरोकडे सोने नेणाऱ्या राजमार्गाच्या पहाऱ्याचे कामही त्याच्याकडे आले. आपल्या मुलुखाचे धन बाहेर जाताना रोज पाहण्याची नोकरीच त्याला मिळाली, असे म्हणता येईल. स्वतःची बढती मात्र कधीच झाली नाही. रजा घेऊन तो रिओस गेला व नद्यांचे पाणी शहरात आणण्याची योजना त्याने सरकारपुढे मांडली. तिचेही काही झाले नाही.

ते सोने लिस्बनलाही फारसे थांबत नव्हते. १७०३ च्या मेथुएन तहानुसार पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडास आपली बाजारपेठ मोकळी केली होती, आणि त्या व्यापारातील तूट ब्राझीलच्या सोन्याने भरून निघत असे. याउपर १७८५ च्या फर्मानाने ब्राझीलमधील कापड कारखाने बंद करण्यात आले. गुलामांच्या वापरासाठीचे व पोत्यांचे जाडेभरडे सुती कापड तेवढे विणण्याची मोकळीक राहिली. ज्या प्रांताची खाण आटत होती, त्याला दुसरा उद्योग काढण्याची बंदी! वसाहतीत छापखाना नव्हता, विद्यापीठ नव्हते. श्रीमंतांची मुले शिकण्यासाठी पोर्तुगालमधील कोइंब्रास जात. तरीही विला रिकात उत्तम कवी होते आणि आलेजादिन्योसारखा श्रेष्ठ शिल्पकार तेथे देवळे सजवीत होता. विचार करणारा वर्ग तयार झाला होता. त्याच्या हाती अधिकार मात्र नव्हता.

थकबाकी पाचशे अरोबांच्या वर गेली, तेव्हा लिस्बनच्या सागरपार खात्याचे मंत्री मार्तिन्यो द मेलो इ कास्त्रो यांनी देरामा लावण्याची आज्ञा नवे राज्यपाल बार्बासेना यांस दिली. १७८८ च्या अखेरीस विला रिकात गुप्त बैठका सुरू झाल्या. त्यांत तोमास अंतोनियो गोंझागा व क्लाउदियो मानुएल द कॉस्टा यांच्यासारखे विधिज्ञ कवी होते, धर्मगुरू होते, घोडदळाचा प्रमुख होता. आणि सरकारी कर गोळा करण्याचे मक्ते घेऊन स्वतःच खजिन्याचे प्रचंड देणे लागणारे धनिकही होते. प्रजासत्ताक स्थापावे, विद्यापीठ काढावे, कारखाने उभारावेत, हे मनसुबे ठरले. गुलामगिरीवर मात्र त्यांचे एकमत झाले नाही. प्रांताची निम्म्याच्या आसपास वस्ती गुलामांची होती, आणि खुद्द तिरादेंतेसच्या मालकीचेही काही गुलाम होते. या चळवळीचे मोल करताना ही उणीव झाकता कामा नये. देरामा जाहीर होईल त्या दिवशी उठाव करायचा होता. त्यातील सर्वांत धोक्याचे काम, राज्यपालावर चाल करून जाण्याचे, तिरादेंतेसने आपणहून पत्करले. खानावळीत, रस्त्यावर तो हे विचार उघडपणे बोलत हिंडे. सावधपणा त्याच्या स्वभावातच नव्हता.

मार्च १७८९ मध्ये जोआकिम सिल्व्हेरियो दोस रेइस या कर्जबाजारी मक्तेदाराने राज्यपालाकडे जाऊन सारा कट फोडला. त्याच महिन्यात देरामा स्थगित झाला आणि उठावाचे निमित्तच नाहीसे झाले. १० मे रोजी तिरादेंतेस रिओत पकडला गेला. जुलैमध्ये कवी क्लाउदियो मानुएल विला रिकातील कोठडीत मृतावस्थेत आढळला. ती कोठडी जोआओ रोद्रिगेस द मासेदो या बड्या मक्तेदाराच्या वाड्यात होती. पुढे ‘हिशेबांचे घर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या वाड्याचा मालक स्वतः खजिन्याचा मोठा ऋणको असूनही त्याच्यावर खटला झाला नाही. सिल्व्हेरियोस तर पुढे मानसन्मान व निवृत्तिवेतन लाभले.

प्रथम तिरादेंतेसनेही आरोप नाकारले. पण जानेवारी १७९० मधील जबानीत त्याने कटाची सारी जबाबदारी आपल्या एकट्याच्या शिरावर घेतली, आणि शेवटपर्यंत ती खाली ठेवली नाही. एप्रिल १७९२ मध्ये अकरा जणांना देहांताची शिक्षा झाली. लगोलग राणी मारियाचे दयापत्र वाचण्यात आले. ते दीड वर्षापूर्वीच लिहिले गेले होते. दहा जणांची शिक्षा आफ्रिकेतील हद्दपारीवर आली. दयेतून वगळला गेला तो एकटा तिरादेंतेस. २१ एप्रिल रोजी त्यास फाशी देऊन देहाचे तुकडे राजमार्गावर टांगण्यात आले, मस्तक विला रिकाच्या चौकात लावण्यात आले, आणि त्याचे घर पाडून त्या जागी मीठ पसरण्यात आले.

याच राणीच्या व याच मंत्र्याच्या अमदानीत, १७८७ मध्ये, गोव्यात पिंटोंचा कट उघडकीस आला होता. वर्णामुळे वरची पदे नाकारली गेलेले गोमंतकीय ख्रिस्ती धर्मगुरू व सैनिक त्यात होते. तेथेही धर्मगुरूंना लिस्बनच्या तुरुंगात पाठविले गेले आणि सामान्य सैनिकांच्या गळ्यात फास पडला. शिक्षा ठरविताना दर्जा पाहण्याची ही रीत दोन्ही खंडांत एकच होती.

ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झाला तरी सिंहासनावर मारियाचाच नातू व पुढे पणतू बसला. तेव्हा तिरादेंतेसचे नाव घेणे दरबारास अडचणीचेच होते. १८८९ मध्ये प्रजासत्ताक आले, त्याला पूर्वज हवा होता, आणि १८९० पासून २१ एप्रिल हा राष्ट्रीय सुटीचा दिवस झाला. चित्रकारांनी त्यास लांब केस व दाढी देऊन ख्रिस्ताचे रूप दिले. घोडदळातील अधिकारी तसा दिसत असण्याचा संभव नव्हता. पण राष्ट्राला हुतात्मा हवा होता, शिपाई नव्हे.

या दैवतीकरणात मूळ हिशेब मात्र हरवतो. आटत्या खाणीवर न आटणारी मागणी लादली गेली. तिचे खरे मोठे ऋणको वजन वापरून निसटले, आणि ज्याच्या नावावर राजाचे फारसे देणे नव्हते, त्याच्याकडून वसुली झाली. राज्यकर्त्यांची मागणी उत्पन्नाशी नाते तोडते, तेव्हा तूट कोणी भरावी हे न्याय ठरवीत नाही, वशिला ठरवितो. वर्गात राजस्वाचे प्रकरण शिकविताना हा देरामा ज्या विद्यार्थ्याला समजला, त्याला तो विषय पुन्हा रुक्ष वाटणार नाही.