टीपकागदातून गाळलेली कॉफी

कपावर शंकूच्या आकाराचे भांडे, त्यात कागदी गाळणी, गाळणीत कॉफीची भुकटी आणि वरून किटलीची बारीक धार. या पद्धतीला हल्ली ‘पोअर-ओव्हर’ म्हणतात आणि तिच्यासाठी बरीच महागडी उपकरणे बाजारात मिळतात. मुळात ही युक्ती जर्मनीतल्या एका गृहिणीने हातोडी, खिळा आणि मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद एवढ्यावर साधली. कपात गाळ येऊ नये आणि कॉफी कडू लागू नये, इतकेच त्यांना हवे होते. त्यांच्या कागदाने आणखी एक काम केले होते. ते कळायला मात्र त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षे जावी लागली.

मेलिटा लीबशर यांचा जन्म ३१ जानेवारी १८७३ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. वडील पुस्तकांच्या व्यवसायात होते. लग्नानंतर त्या मेलिटा बेंट्स झाल्या. पती ह्यूगो, विली आणि हॉर्स्ट हे दोन मुलगे, पुढे हेर्टा ही मुलगी, असा मध्यमवर्गीय संसार. १९०८ साली त्या पस्तिशीच्या होत्या. त्या वयापर्यंत त्यांच्या आयुष्यात चरित्रकाराने मुद्दाम लिहावे असे फारसे काही नाही.

त्या काळी जर्मन घरांत कॉफी आवडीने प्यायली जाई, पण ती करण्याच्या रीती त्रासाच्या होत्या. सर्वांत सोपी रीत म्हणजे भुकटीवर उकळते पाणी ओतायचे, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरची कॉफी प्यायची. तरीही शेवटच्या घोटाला दातांत चोथा यायचाच. कापडाच्या पिशवीतून गाळले तर ती पिशवी धुता धुता पुरेवाट होई. शिवाय ती नीट सुकली नाही तर दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला कुबट वास लागे. परकोलेटर नावाच्या भांड्यात तेच पाणी भुकटीतून पुन्हा पुन्हा फिरत राही, त्यामुळे कॉफी कडूजहर होई.

या कडूपणाचे कारण साधे आहे. गरम पाणी भुकटीला लागले की आधी आम्ल आणि सुगंधी द्रव्ये सुटतात, मग गोडसर चवीची, आणि सर्वांत शेवटी कडू व तुरट. पाणी आणि भुकटी जितका जास्त वेळ एकत्र राहतील तितका शेवटच्या गटाचा वाटा वाढतो. मेलिटाबाईंना हे रसायनशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण जीभ होती. पाणी भुकटीतून एकदाच जावे आणि लगेच वेगळे व्हावे, हे त्यांनी नेमके ओळखले.

त्यांनी पितळेचे एक भांडे घेतले, खिळ्याने त्याच्या तळाला भोके पाडली आणि वर विलीच्या वहीतला टीपकागद कापून बसवला. त्यावर कॉफीची भुकटी, तिच्यावर गरम पाणी. खाली थेंब थेंब उतरलेली कॉफी स्वच्छ होती आणि कडू नव्हती. चोथ्यासकट कागद उचलून टाकला की काम संपले. धुण्याची कटकट नाही. टीपकागदच का, हा प्रश्न रास्त आहे. तो शाई टिपण्यासाठी केलेला असतो, म्हणजे गुळगुळीतपणासाठी लिहिण्याच्या कागदाला जी खळ देतात ती त्याला नसते. त्यामुळे पाणी त्यातून सहज झिरपते, आणि तंतूंची दाट जाळी बारीक कण अडवते.

इथवर ही एका हुशार बाईची घरगुती युक्ती आहे, आणि अशा युक्त्या घरोघरी जन्मतात आणि तिथेच राहतात. मेलिटाबाई तिथे थांबल्या नाहीत. बर्लिनच्या शाही पेटंट कार्यालयात २० जून १९०८ या तारखेने त्यांच्या गाळणीची नोंद झाली, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला ड्रेस्डेनच्या व्यापारी नोंदवहीत ‘एम. बेंट्स’ ही कंपनी आली. यातला ‘एम’ मेलिटाचा. भांडवल म्हणून दाखवलेली रक्कम एका मार्कापेक्षाही कमी होती. कारखाना म्हणजे राहत्या घरातली खोली, कामगार म्हणजे घरची माणसे. ह्यूगो दुकानांच्या काचेआड उभे राहून कॉफी गाळून दाखवत आणि मुले हातगाडीवरून माल पोचवत. १९०९ च्या लाइपझिग जत्रेत बाराशे गाळण्या खपल्या. त्यानंतर लवकरच एका आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात या गाळणीला सुवर्णपदक मिळाले. ‘आरोग्य’ म्हणजे तेव्हा प्रामुख्याने स्वच्छता. कागद दर वेळी नवा आणि कापडाची कुबट पिशवी नाही, हे तिचे मोठे गुण होते. परीक्षकांच्या मनात हृदय, रक्तवाहिन्या असले काही नव्हते.

आज घरी याच रीतीने कॉफी करायची तर एका मोठ्या कपासाठी १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन मोठे चमचे, ताजी दळलेली कॉफी आणि अडीचशे मिलिलिटर पाणी हे प्रमाण ठेवावे. दळण जाडसर साखरेइतके असावे. अगदी मैद्यासारखे बारीक झाले तर पाणी तुंबते आणि कॉफी कडू होते. फार भरड झाले तर पाणी पळून जाते आणि कॉफी पांचट लागते. कागद आधी गरम पाण्याने ओला करून ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे कागदाची चव उतरत नाही. पाणी उकळले की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावे. आधी भुकटी भिजेल एवढेच, तीस-चाळीस मिलिलिटर पाणी ओतून अर्धा-पाऊण मिनिट वाट पाहावी. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, तो या वेळात बुडबुडे येऊन निघून जातो आणि पुढचे पाणी सगळीकडे सारखे पोचते. मग उरलेले पाणी मधून बाहेर, गोल फिरवत, दोन-तीन वेळा करून ओतावे. सगळे मिळून तीन ते चार मिनिटे. कॉफीत चिकोरी मिसळलेली असेल तर हा हिशेब चुकतो, आणि इन्स्टंट कॉफीला तर गाळणीची गरजच नाही.

बेंट्स कुटुंबाचा जम बसत असतानाच १९१४ साली महायुद्ध पेटले. ह्यूगो सैन्यात गेले. धातू युद्धासाठी जाऊ लागला, कागदावर नियंत्रण आले, आणि ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीत कॉफीच येईनाशी झाली. गाळणी विकणाऱ्या कंपनीकडे धातू नाही, कागद नाही, गाळायला कॉफीही नाही. मेलिटाबाईंनी पुठ्ठ्याची खोकी विकून घर चालवले. कंपनीच्या जाहिरातींतून पुढे जी हसतमुख गृहिणी लोकांना दिसली, तिच्या मागची ही चार वर्षे फारशी कुणी सांगत नाही.

युद्धानंतर मागणी पुन्हा वाढली. १९२८ पर्यंत ऐंशी माणसे दोन पाळ्यांत काम करत होती. ड्रेस्डेनमध्ये पुरेशी जागा मिळेना, म्हणून १९२९ साली कारखाना मिंडेन या गावी हलला आणि आजही कंपनीचे मुख्यालय तिथेच आहे. १९३२ मध्ये बाईंनी मालकीचा मोठा हिस्सा मुलांकडे दिला, पण कामगारांच्या सवलतींवरचे लक्ष काढले नाही. नाताळचा बोनस, पाच दिवसांचा आठवडा, सहाऐवजी पंधरा दिवसांची रजा आणि अडचणीसाठी मदतनिधी, या गोष्टी तिथे त्या काळात मिळत होत्या. गाळणीला आज ओळखीचा असलेला शंकूसारखा उतरता आकार आणि त्यात नेमका बसणारा कागद तीसच्या दशकातला. नाझी राजवटीत मुलांच्या हाती असलेल्या या कंपनीने सत्तेशी जुळवून घेतले आणि युद्धकाळात युद्धासाठी लागणारा मालही बनवला. हेही या इतिहासात आहे आणि ते वगळून कामगारांच्या सवलतींचे कौतुक करणे बरोबर होणार नाही. युद्ध संपल्यावर मुख्य इमारत दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने ताब्यात घेतली. गाळण्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झालेले पाहून २९ जून १९५० रोजी मेलिटाबाईंचे निधन झाले. वय सत्त्याहत्तर.

त्यांच्या कागदाची खरी परीक्षा यानंतर झाली. नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रॉम्सो शहरातल्या साडेचौदा हजार स्त्री-पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. कॉफी जितकी जास्त, तितके रक्तातले कोलेस्टेरॉल जास्त, असे त्यात दिसले. इतर देशांतल्या काही पाहण्यांत मात्र असा संबंध सापडत नव्हता. फरक कॉफीत नव्हता, करण्यात होता. उत्तर नॉर्वेत तेव्हा भुकटी पाण्यात उकळून, न गाळता कॉफी पिण्याची रीत होती. १९८९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काहींना उकळलेली आणि काहींना कागदातून गाळलेली कॉफी काही आठवडे दिली. कोलेस्टेरॉल उकळलेल्या गटात वाढले, गाळलेल्या गटात नाही. मग १९९१ साली त्याच देशात थेट कागदालाच तपासले गेले. चौसष्ट निरोगी स्वयंसेवकांपैकी काहींना उकळलेली कॉफी तशीच दिली, तर काहींना तीच उकळलेली कॉफी कागदातून गाळून दिली. गाळून पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल वाढले नाही.

अडवला जाणारा पदार्थ म्हणजे कॉफीच्या तेलातले कॅफेस्टॉल, आणि त्याच्या जोडीचे काहवेऑल. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. कोलेस्टेरॉल खर्ची पडण्याची ती एक मोठी वाट आहे. कॅफेस्टॉल ही वाट अरुंद करते, आणि रक्तातले एलडीएल वाढते. उकळलेल्या किंवा फ्रेंच प्रेसमधल्या एका कपात ते साधारण तीन ते सहा मिलिग्रॅम असते, कागदातून गाळलेल्या कपात जवळपास नसते. रोज दहा मिलिग्रॅम पोटात गेले तर महिन्याभरात एकूण कोलेस्टेरॉल सुमारे पाच एककांनी वाढते. एका माणसाच्या रिपोर्टवर हा आकडा किरकोळ वाटेल. पण रोज पाच-सहा कप पिणाऱ्याच्या बाबतीत तो किरकोळ राहत नाही. फिनलंडमध्ये लोक उकळलेल्या कॉफीकडून गाळलेल्या कॉफीकडे वळले, आणि तिथल्या कोलेस्टेरॉलच्या घसरणीचा काही वाटा संशोधक या बदलाला देतात.

इथे ‘फिल्टर’ या शब्दाने आपला घोटाळा होऊ शकतो. आपल्याकडे फिल्टर कॉफी म्हटले की पितळेचे किंवा स्टीलचे दाक्षिणात्य भांडे डोळ्यांपुढे येते. त्याच्या भोकांतून चोथा अडतो, पण तेलाचे सूक्ष्म थेंब अडवण्याइतकी ती बारीक नसतात. ते काम कागदाचे. फ्रेंच प्रेसच्या जाळीचेही तेच. उलट बाजूही सांगायला हवी: कागद कॅफिन अडवत नाही. त्यामुळे झोप उडणे, धडधड, छातीत जळजळ या तक्रारींवर कागदी गाळणी हा उपाय नव्हे. गर्भवतींनी दिवसाला दोनशे मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा पाळायची, ती गाळलेल्या कॉफीलाही लागू आहे. आणि कपात दोन चमचे साखर, वर साय घातली तर कागदाने वाचवलेले तिथेच खर्च होते.

ज्यांचे एलडीएल आधीच वाढलेले आहे आणि जे दिवसाला चार-पाच कप न गाळलेली किंवा जाळीतून गाळलेली कॉफी पितात, त्यांनी ही गोष्ट तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आपणहून सांगावी. कारण कॉफी किती कप, हे विचारले जाते. कशी करता, हे सहसा विचारले जात नाही. कागदावर आल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले तर फरक पडला की नाही ते कळेल. तोवर चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.