हर्बर्ट हूवर

हर्बर्ट क्लार्क हूवर (१० ऑगस्ट, इ.स. १८७४ – २० ऑक्टोबर, इ.स. १९६४) हे अमेरिकेचे ३१ वे राष्ट्राध्यक्ष होते. १९२९ ते १९३३ ही त्यांची कारकीर्द महामंदीने व्यापली. या चार वर्षांत त्यांच्या रिपब्लिकन पक्षाने आधी प्रतिनिधिगृह आणि नंतर सेनेट व राष्ट्राध्यक्षपदही गमावले.

पूर्वायुष्य

हूवर यांचा जन्म आयोवा राज्यातील वेस्ट ब्रांच या गावी क्वेकर कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने ते ओरेगन राज्यात मामांकडे वाढले. १८९५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी ऑस्ट्रेलिया व चीनमध्ये खाण अभियंता म्हणून काम केले. पहिल्या महायुद्धात जर्मनव्याप्त बेल्जियममधील जनतेला अन्न पुरवणाऱ्या मदतकार्याचे त्यांनी नेतृत्व केले. १९२१ ते १९२८ या काळात ते वाणिज्यमंत्री होते. १९२८ च्या निवडणुकीत त्यांनी अल स्मिथ यांचा ४४४ विरुद्ध ८७ निर्वाचक मतांनी पराभव केला व ४८ पैकी ४० राज्ये जिंकली.

महामंदी आणि १९३० ची निवडणूक

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. जून १९३० मध्ये हूवर यांनी आयातशुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर स्वाक्षरी केली. इतर देशांनीही प्रतिशुल्के लावल्याने जागतिक व्यापार आणखी आकसला.

नोव्हेंबर १९३० च्या मध्यावधी निवडणुकीत प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन पक्षाला २१८, तर डेमोक्रॅटिक पक्षाला २१६ जागा मिळाल्या. एक जागा फार्मर-लेबर पक्षाकडे गेली. तत्कालीन पद्धतीनुसार नवे काँग्रेस तेरा महिन्यांनी, म्हणजे डिसेंबर १९३१ मध्ये, प्रथम भरले. मधल्या काळात सभापती निकोलस लाँगवर्थ यांच्यासह १४ निर्वाचित सदस्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकांत बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले आणि टेक्सासचे जॉन नान्स गार्नर सभापती झाले. सेनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाला केवळ एका जागेची आघाडी उरली.

विभागलेली सत्ता

बेकारांना केंद्र सरकारने थेट मदत देऊ नये, ते काम राज्ये, नगरपालिका व सेवाभावी संस्थांनी करावे, असे हूवर यांचे मत होते. जानेवारी १९३२ मध्ये बँका व रेल्वे कंपन्यांना कर्ज देण्यासाठी पुनर्रचना वित्त महामंडळ स्थापन झाले. जुलैमध्ये गार्नर यांनी पुढे रेटलेल्या मोठ्या मदत विधेयकावर हूवर यांनी नकाराधिकार वापरला. त्यानंतर झालेल्या तडजोडीच्या कायद्याने राज्यांना मदतकार्यासाठी ३० कोटी डॉलरपर्यंत कर्ज मिळण्याची सोय झाली. त्याच महिन्यात बोनसची मागणी करणाऱ्या माजी सैनिकांना लष्कराने वॉशिंग्टनमधून हुसकावून लावले. बेघरांच्या झोपडवस्त्यांना लोक उपहासाने हूवरव्हिल म्हणू लागले.

१९३२ चा पराभव

नोव्हेंबर १९३२ मध्ये फ्रँकलिन डी. रूझवेल्ट यांना ४७२, तर हूवर यांना ५९ निर्वाचक मते मिळाली. हूवर यांच्याकडे केवळ सहा राज्ये राहिली. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक पक्षाचे ३१३ आणि रिपब्लिकन पक्षाचे ११७ सदस्य निवडून आले. सेनेटही डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. रूझवेल्ट यांचा शपथविधी ४ मार्च १९३३ रोजी झाला. निकाल लागल्यापासूनच्या या चार महिन्यांत अनेक राज्यांतील बँका बंद पडल्या. निवडणूक व सत्ताग्रहण यांमधील हे अंतर १९३३ साली संमत झालेल्या विसाव्या घटनादुरुस्तीने कमी केले.

उत्तरायुष्य व मूल्यमापन

१९४६ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या विनंतीवरून हूवर यांनी जागतिक अन्नटंचाईच्या पाहणीसाठी भारतासह अनेक देशांचा दौरा केला. पुढे शासकीय पुनर्रचनेसाठी नेमलेल्या दोन आयोगांचे ते अध्यक्ष होते. न्यूयॉर्क येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मंदी हूवर यांच्या धोरणांमुळे सुरू झाली नसली, तरी मतदारांनी तिची जबाबदारी त्यांच्या पक्षावर टाकली. १९३१ ते १९९५ या काळात रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृहात केवळ दोनदा, प्रत्येकी दोन वर्षांसाठी, बहुमत मिळाले.