सायकलच्या दुकानातून नांगराकडे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी खुर्चीवरची नोकरी धरावी, असे वडिलांना वाटते. माझे मन मात्र लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात अडकले आहे.

१८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे ते जन्मले. चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांना रंगांतील फरक नीट कळेना. मग यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून त्यांनी बेळगाव गाठले. तेथे बंधू रामुअण्णांबरोबरचे सायकलचे दुकान हाच आधार. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवायचे!

पुढे १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला. पण लोखंडाने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यात नगरपालिकेने जागाही सोडायला लावली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचे माळरान व १०,००० रुपये कर्ज दिले. १९१० साली तेथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले.

मला धाक वाटतो तो त्या दोन वर्षांचा. आमच्या कणगीत तेवढे धान्य नाही. म्हणून सुट्टीत एस. टी. स्टँडजवळ पंक्चर काढण्यापासूनच आरंभ करणार आहे. पंप व पाने उसने मिळाले आहेत. वडिलांना अजून सांगितलेले नाही. त्यांना वाचता येत नाही; अंक हाती आला की हा लेख मीच त्यांना वाचून दाखवीन.