व्हायरसमुळे कॅन्सर? हा प्रश्न मुंबईच्या लॅबमध्ये नेणाऱ्या पुण्याच्या कमल रणदिवे

वडिलांची इच्छा होती की मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. मुलीने दोन्ही केलं नाही. पण कॅन्सरवर काम करणाऱ्या भारतातल्या पहिल्या फळीच्या संशोधकांत तिचं नाव लागलं. ती म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. हुजूरपागेत शाळा, मग फर्ग्युसन. एमएस्सीला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला.

१९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईकर झाल्या. तिथे टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांसारखा गुरू मिळाला. १९४९ मध्ये पीएचडी झाली आणि पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये गेल्या.

ही लॅब साधी नव्हती. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधल्या पेशी इथेच वाढवल्या गेल्या. शरीराबाहेर काचेच्या नळीत न मरता वाढत राहणाऱ्या मानवी पेशी जगाला पहिल्यांदा मिळाल्या. त्यांनाच हेला पेशी म्हणतात.

पेशी जिवंत ठेवण्याचं हे तंत्र शिकून कमलताई परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. उंदरांवर प्रयोग करून कॅन्सर, हार्मोन आणि व्हायरस यांचा संबंध त्या शोधत राहिल्या.

१९८० च्या दशकात जर्मनीत हाराल्ड झुर हाउसेन यांच्या टीमला त्याच हेला पेशींमध्ये एचपीव्हीचा १८ नंबरचा प्रकार सापडला. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेसना जबाबदार आहेत.

म्हणूनच आज लॅबमध्ये कॅन्सर होण्याआधीच व्हायरस शोधतात. गर्भाशयमुखातून ब्रशने नमुना घेतात, त्यातला डीएनए वेगळा काढून पीसीआरने वाढवतात आणि धोकादायक प्रकार आहे का ते बघतात. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत हा व्हायरस हटवतं. जिच्यात तो टिकतो, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातल्याच खेड्यांतून आला. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३० हजारांहून जास्त महिलांवर अभ्यास झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही टेस्ट झाली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

कमलताईंनी १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविकेचं प्रशिक्षण देत राहिल्या. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

मावळातल्या गावात असो की लोणावळ्याच्या बाजारपेठेत, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने डॉक्टरांना या टेस्टबद्दल एकदा जरूर विचारावं. त्रास सुरू होण्याची वाट बघू नये.